गाडी माघारी बोलावली जाते तेव्हा

लेकीला माहेरचे बोलावणे आले की घरात आनंद होतो. परंतु दाराशी उभ्या असलेल्या मोटारीला तिच्या माहेरचे, म्हणजे कारखान्याचे, बोलावणे आले तर घरातील कर्त्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. 'काहीतरी खोट निघाली वाटते' असे म्हणून कोणी ते पत्र खणात टाकतो, कोणी 'सर्व्हिसिंगच्या वेळी पाहू' म्हणतो, आणि पुष्कळांच्या हाती तर ते पत्र पडतच नाही. ज्याला 'रिकॉल' म्हणतात आणि आपली वर्तमानपत्रे 'वाहने परत मागविली' अशा मथळ्याखाली ज्याची बातमी देतात, त्या गोष्टीविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. विषय रुक्ष वाटेल. परंतु ज्या घरात एखादी तरी स्कूटर आहे त्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे, आणि स्कूटर नसलेले घर पुण्यात शोधूनच काढावे लागेल.

प्रथम आमच्याच घरची हकीकत सांगतो, कारण तिच्यामुळेच आम्ही या विषयाकडे वळलो. आम्ही खराडीस राहतो. काही वर्षांपूर्वी साताऱ्याच्या एका निवृत्त गृहस्थांकडून आम्ही वापरलेली मोटार घेतली. कागदपत्रे रीतसर आमच्या नावावर झाली. परंतु गाडी बनविणाऱ्या कंपनीच्या दप्तरी पत्ता राहिला तो साताऱ्याचाच. कंपनीचे पत्र तिकडे गेले. त्या सद्गृहस्थांना ते आषाढात मिळाले, आणि दिवाळीची आवराआवर करताना पुन्हा सापडले, तेव्हा त्यांनी ते आमच्याकडे धाडले. पत्रात लिहिले होते की, चालकासमोरच्या एअरबॅगमधील एक भाग सदोष असण्याचा संभव आहे. अपघाताच्या वेळी तो फुटून धातूचे तुकडे उडू शकतात. तरी गाडी आणून तो भाग विनामूल्य बदलून घ्यावा. त्या चार महिन्यांत आमच्या सूनबाई रोज सकाळी दोन्ही नातवंडांना त्याच गाडीतून शाळेत सोडीत होत्या, आणि आम्ही नगर रस्त्याने वाघोली-शिक्रापूरपर्यंत कितीदा गेलो असू त्याची गणती नाही. काही झाले नाही. आणि काही होत नाही, हीच या विषयातली खरी अडचण आहे. दोष बहुतेक दिवस निजलेला असतो, म्हणून माणूसही निजून राहतो.

आता मुळापासून पाहू. गाडीत बिघाड होणे निराळे आणि गाडीत दोष असणे निराळे. ब्रेकचे लायनर झिजणे, बॅटरी उतरणे, टायर गुळगुळीत होणे हे बिघाड वापराने होतात; त्यांचा खर्च मालकाने सोसावयाचा असतो. दोष मात्र गाडी कारखान्यातून बाहेर पडतानाच तिच्यासोबत येतो. परातीत कणीक मळताना मीठ जास्त पडले, तर त्या कणकेची एकच पोळी खारट होत नाही. सगळी चवड खारट होते. कारखान्यातही तसेच घडते. एखाद्या पुरवठादाराकडून आलेल्या एका खेपेतील रबरी नळी कच्ची निघाली, किंवा एखाद्या भागाची आखणीच चुकली, तर त्या खेपेच्या हजारो गाड्यांत तो दोष जातो. यांपैकी दहा-पाच गाड्यांतच तो प्रत्यक्ष उघडकीस येतो. पण पुढची गाडी कोणाची हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून त्या खेपेतील एकूण एक गाडी बोलावून तपासावी लागते.

प्रत्येक दोषासाठी मात्र गाडी माघारी बोलावली जात नाही. खिडकीची काच वर जाताना कुरकुरते, रंग लवकर उडतो, याने मालक चिडतो. त्याच्या जिवाला धोका नसतो. माघारी बोलावण्याची कसोटी एकच : या दोषामुळे गाडीत बसलेल्याच्या, रस्त्यावरून जाणाऱ्याच्या किंवा हवेच्या जिवावर बेतेल काय? इंधनाची गळती, स्टिअरिंग निकामी होणे, ब्रेक न लागणे, विजेच्या तारांत शॉर्टसर्किट होऊन आग लागणे, एअरबॅग न उघडणे किंवा भलतीच उघडणे, हे सारे या कसोटीत बसते.

कंपनीने आपला दोष आपण होऊन सांगावा, ही कल्पना कंपन्यांना सहजासहजी सुचलेली नाही. अमेरिकेत राल्फ नेडर या वकिलाने १९६५ साली मोटारींतील दोषांवर एक पुस्तक लिहून खळबळ उडविली आणि १९६६ साली तेथे मोटारसुरक्षेचा कायदा झाला. पुढे फोर्ड कंपनीच्या 'पिंटो' या लहान मोटारीत, मागून धडक बसली की पेट्रोलची टाकी फुटून आग लागते असे दिसून आले, आणि १९७८ साली सुमारे १५ लाख गाड्या माघारी बोलवाव्या लागल्या.

याहून मोठे प्रकरण ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचे. ते आपल्या हवामानाला लागू पडणारे असल्यामुळे थोडे तपशिलाने सांगतो. अपघात होताच एअरबॅग पापणी लवण्याच्या आत फुगावी लागते. त्यासाठी धातूच्या लहानशा डबीत स्फोटक रसायनाच्या वड्या भरलेल्या असतात. त्या पेटून वायू निर्माण होतो आणि पिशवी फुगते. ताकाताने या कामी अमोनियम नायट्रेट वापरले. हे रसायन दमट हवेत ओलावा शोषून घेते आणि वर्षानुवर्षे उष्णतेचा चढउतार सोसून त्याच्या वड्या भुसभुशीत होतात. मग त्या बेताने जळण्याऐवजी एकदम भडकतात, डबी फुटते आणि तिचे तुकडे बंदुकीच्या छऱ्यांसारखे चालकाच्या अंगात घुसतात. जी वस्तू प्राण वाचविण्यासाठी बसविली तीच प्राण घेऊ लागली. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख डब्या बदलण्याचे ठरले, आणि जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही होंडासह अनेक कंपन्यांनी या कारणासाठी गाड्या बोलावल्या. जो दोष वय, उष्णता आणि दमटपणा यांनी वाढतो, त्याचा विचार मुंबई-कोकणातल्या जुन्या गाडीच्या मालकाने तर अगोदर केला पाहिजे. 'गाडी जुनी झाली, आता कशाला दाखवायची' हा आपला नेहमीचा युक्तिवाद येथे नेमका उलटा ठरतो.

आपल्या देशात ही प्रथा उशिरा रुजली. फेब्रुवारी २०१० मध्ये मारुती सुझुकीने इंधनगळतीच्या शक्यतेवरून एक लाख 'ए-स्टार' गाड्या बोलावल्या. जुलै २०१२ मध्ये वाहन-उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने स्वेच्छेने गाड्या माघारी बोलावण्याची एक आचारसंहिता तयार केली. जुलै २०१५ मध्ये जनरल मोटर्सने 'स्पार्क', 'बीट' आणि 'एन्जॉय' या १ लाख ५५ हजार गाड्या तपासणीस बोलावल्या. त्यांतील 'बीट' आपल्या तळेगावच्या कारखान्यात तयार होई. कारण होते दूरवरून दार उघडणाऱ्या किल्लीच्या यंत्रणेमुळे आग लागण्याचा धोका. एवढीशी किल्ली, पण तिच्या तारेत सबंध गाडी जाळण्याची शक्ती असते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आतापावेतो सारे कंपनीच्या इच्छेवर होते. संसदेने २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून कलम ११०-अ घातले आणि प्रथमच सरकारच्या हाती सक्तीचा अधिकार आला. ठराविक प्रमाणात मालकांनी तक्रारी केल्या, अथवा चाचणी-संस्थेने किंवा अन्य कोणी दोष निदर्शनास आणला, तर केंद्र सरकार कंपनीला त्या प्रकारच्या सर्व गाड्या माघारी बोलावण्याचा आदेश देऊ शकते. मग कंपनीने गाडी दुरुस्त करून द्यावी, बदलून द्यावी किंवा मालकाला भरपाई द्यावी असे कायदा सांगतो. कंपनीने स्वतःच दोष ओळखून सरकारला कळविले आणि गाड्या बोलावल्या, तर तिला या कलमाखालील दंड माफ आहे. त्यात शहाणपण आहे. चूक कबूल करणाऱ्यास शिक्षा आणि लपविणाऱ्यास मोकळीक, असा कायदा असता तर कोणी तोंड उघडले असते? या कायद्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यांत 'दोष' या शब्दात गाडी आणि तिचे भाग यांच्या जोडीला सॉफ्टवेअरही धरले आहे. वाहनाच्या वयाची मर्यादा ७ वर्षे आहे. आणि दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत आहे. लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीला एक कोटी म्हणजे फार मोठी रक्कम नव्हे, हे आम्हांसही दिसते. परंतु जेथे काहीच नव्हते तेथे हे झाले, हेही खरे.

सॉफ्टवेअर हा शब्द नियमात का आला, हे समजण्यास पुण्याबाहेर जावे लागत नाही. वेताळ टेकडीवर 'ए.आर.ए.आय.' ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था आहे. तिची स्थापना, योगायोगाने, अमेरिकेतील कायद्याच्याच साली, १९६६ मध्ये झाली. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्या चाचणीच्या वेळी सभ्यपणाने वागतात आणि रस्त्यावर मात्र कितीतरी अधिक विषारी धूर सोडतात, असे अमेरिकेत उघडकीस आले. ही लबाडी इंजिनात नव्हती, इंजिन चालविणाऱ्या संगणकीय आज्ञावलीत होती. परीक्षक वर्गात आला की हात जोडून बसणारे आणि पाठ वळताच दंगा करणारे पोर जसे, तशीच ती गाडी. या संस्थेनेही गाड्या रस्त्यावर चालवून पाहिल्या, आणि तफावत येथेही आढळली. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील ३,२३,७०० गाड्या माघारी बोलावल्या : फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५००. पुढे मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याच्या सक्तीच्या वसुलीस सर्वोच्च न्यायालयाने नंतर अटकाव केला.

दुसरे उदाहरण आमच्या खराडीकरांच्या अगदी उंबरठ्यावरचे. २६ मार्च २०२२ रोजी धानोरी भागात रस्त्याच्या कडेला उभी असलेली ओला कंपनीची एक विजेची स्कूटर धुमसू लागली आणि पाहता पाहता जळून गेली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. कोणी तरी त्याचे चित्रण केले आणि ते देशभर पाहिले गेले. पुढच्याच महिन्यात कंपनीने त्या खेपेतील १,४४१ स्कूटर तपासणीसाठी बोलावल्या. त्याच एप्रिलमध्ये ओकिनावा कंपनीनेही ३,२१५ स्कूटर बोलावल्या होत्या. सरकारने चौकशी केली आणि बॅटरीच्या सुरक्षेची मानके कडक करून १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केली. एका गल्लीतील आग देशाच्या नियमापर्यंत पोहोचली, ती केवळ कोणी तरी ती पाहिली, टिपली आणि सांगितली म्हणून.

आता व्यवहाराकडे वळू. गाडीचा चासी नंबर म्हणजे तिची जन्मपत्रिका. तो सतरा अक्षरांचा आणि अंकांचा असतो. आर.सी.वर तो असतो, विम्याच्या कागदावर असतो आणि गाडीच्या सांगाड्यावरही कोरलेला असतो. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर हा नंबर घातला की आपली गाडी बोलावलेल्यांपैकी आहे काय ते कळते. ते जमत नसेल तर कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला दूरध्वनी करून नंबर सांगावा. ही चौकशी वर्षातून दोनदा करावी, आणि वापरलेली गाडी विकत घेणाऱ्याने तर पैसे मोजण्यापूर्वी करावी.

गाडी बोलावलेली निघाली तर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, दोष कशाचा आहे. दुसरी, दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालविणे सुरक्षित आहे काय. तिसरी, भाग केव्हा मिळेल. या कामाला एक पैसाही पडत नाही. वॉरंटी संपलेली असो वा नसो, गाडी पहिल्या मालकाकडे असो वा तिसऱ्याकडे. आम्ही गेलो तेव्हा तेथील तरुण म्हणाला, "काका, पार्ट यायला दीड महिना लागेल. तोपर्यंत चालवा, इतके दिवस काही झालं नाही ना?" आम्ही म्हटले, "बाळा, हेच वाक्य लिहून सही करून दे." त्याने सही केली नाही, आत जाऊन साहेबांना घेऊन आला. साहेबांनी पत्र वाचले, आमचे नाव प्रतीक्षायादीत लेखी घेतले आणि शक्यतो गाडी वापरू नका असे सांगितले. दीड महिना आमची नातवंडे रिक्षाने शाळेत गेली आणि आम्ही बसने हिंडलो. भाग आला तेव्हा तो बसविण्यास दीड तास लागला. जॉबकार्डावर काय बदलले ते लिहून घेतले, ते आम्ही आर.सी.च्या पाकिटात जपून ठेवले आहे.

गाडी बोलावलेली नाही, पण दोष आहे असा आपला ठाम संशय आहे, तर काय करावे? तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. म्हणून प्रत्येक खेपेस जॉबकार्डावर आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहवून घ्यावी. 'जनरल चेकअप' असे मोघम लिहू देऊ नये. 'उतारावर ब्रेक दाबला असता पेडल खाली जाते' असे लिहवावे. मग कंपनीला लेखी कळवावे, सरकारी पोर्टलवर नोंद करावी, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगावे. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांच्या आत असेल तर तक्रार तेथेच करता येते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ज्या गावात सुरू केली, त्या पुण्याच्या नागरिकांस ग्राहकाचे हक्क आम्ही अधिक काय सांगावे?

येथे एक शंका कोणीही घेईल. एका माणसाच्या तक्रारीने काय होणार? कायद्याची रचनाच याला उत्तर देते. सरकार मालकांच्या तक्रारी मोजते. ज्यांनी गाडी मुकाट्याने कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेऊन दुरुस्त केली, त्यांचा अनुभव त्या मोजणीत येत नाही. आपला दोष मिस्त्रीने काढला, आपण सुटलो. पण त्याच खेपेची गाडी चालविणारा नांदेडचा किंवा रत्नागिरीचा अनोळखी माणूस सुटला नाही. तक्रार ही आपल्या गाडीसाठी असते तशीच त्या अनोळखी माणसाच्या घरासाठीही असते.

दुसरी शंका : जी कंपनी वारंवार गाड्या बोलावते तिच्या गाड्या वाईट नव्हेत काय? आमचे मत तसे नाही. मे २०२१ मध्ये रॉयल एनफील्डने इग्निशन कॉइलच्या दोषावरून २,३६,९६६ मोटारसायकली बोलावल्या. त्या डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात तयार झालेल्या होत्या. म्हणजे काही महिन्यांतच चूक ओळखली गेली. ज्या कंपनीच्या गाड्या कधीच बोलावल्या जात नाहीत, तिच्या गाड्या निर्दोष आहेत की तिचे तोंड बंद आहे, हे बाहेरून कळत नाही. चूक सांगणाऱ्याची निंदा करण्याची सवय समाजाला लागली, की चुका लपविण्याची सवय कारखानदारांना लागते.

शेवटी आमच्या खराडीची एक गोष्ट. पत्राची हकीकत घडल्यावर एका रविवारी आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहज फेरी मारली. एम.एच. १२ तर होत्याच; पण सोलापूरची १३, नगरची १६, बीडची २३, लातूरची २४, अशा पाट्यांच्या गाड्या ओळीने उभ्या. माणसे नोकरीसाठी येथे आली, अकरा-अकरा महिन्यांच्या कराराने घरे बदलीत राहिली. गाडीचा पत्ता मात्र गावच्या वाड्याचा. कारखान्याने पत्र पाठविले तर ते गावी जाणार, तेथे म्हातारी आई ते देवघराच्या फळीवर जपून ठेवणार, आणि मुलगा येथे त्याच गाडीने रोज मुंढव्याचा पूल ओलांडणार. सारा कायदा, सारी चाचणी, सारा दंड एका जुन्या पत्त्यापाशी येऊन थांबतो. पत्ता बदलल्यावर तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे असे कायद्यात आहेच. तो नियम आपण कटकट समजतो, पण आपल्याला सावध करणारा हात त्याच पत्त्याच्या आधाराने आपल्यापर्यंत पोहोचतो.

म्हणून आज घरी गेल्यावर एवढेच करावे. आर.सी. काढून चासी नंबर वहीत लिहावा. कंपनीला आपला आजचा पत्ता आणि दूरध्वनी कळवावा. आणि आपण पूर्वी गाडी कोणाला विकली असेल, तर तिच्यासाठी आलेले पत्र त्याच दिवशी नव्या मालकाला धाडावे. ते दिवाळीच्या आवराआवरीपर्यंत ठेवू नये.